उद्याचं ऊन आणि संध्याकाळचं दूध

गावातल्या दूध संकलन केंद्रावर संध्याकाळी सहा-साडेसहाला गर्दी होते. कॅन उतरतात, फॅट लागते, पावती निघते आणि दूध बल्क कूलरमध्ये ओतलं जातं. येताना ते साधारण 35 अंशांवर असतं आणि होईल तितक्या लवकर 4 अंशांवर आणावं लागतं. उशीर झाला तर टँकर येईपर्यंत दूध नासायला लागतं. नेमक्या याच वेळी छपरावरच्या सौर पॅनेलांमधून काही येत नसतं. पहाटेच्या दुधाचीही तीच गत. ऊन दुपारी आणि दूध सकाळ-संध्याकाळ, ही फट कशी भरायची, एवढाच या लेखाचा विषय. फट भरण्यासाठी न्यूरल नेटवर्क वापरता येतं. पण त्याला नेमकं कोणतं काम द्यायचं आणि कोणतं मुळीच द्यायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं.

आधी हिशेब करू. समजा, संध्याकाळी 2,000 लिटर दूध येतं. ते 35 वरून 4 अंशांवर आणायला सुमारे 70 युनिट (म्हणजे किलोवॅट-तास) इतकी उष्णता काढून घ्यावी लागते. चांगल्या स्थितीतल्या कॉम्प्रेसरला त्यासाठी 25 ते 28 युनिट वीज लागते. ऐन वेळी वीज गेली आणि हे काम जनरेटरवर आलं, तर एका लिटर डिझेलमागे 3 ते साडेतीन युनिट धरून आठेक लिटर डिझेल एका संध्याकाळीच संपतं. तेवढीच थंडी दुपारी साठवून ठेवायची म्हटलं, तर बर्फाच्या टाकीत साधारण 750 किलो बर्फ जमवावा लागतो. बर्फ करताना वीज थोडी जास्त लागते, पण ती उन्हाची असते.

आता या केंद्राच्या छपरावर 20 किलोवॅटची पॅनेलं आहेत, 30 युनिटची लिथियम बॅटरी आहे, बर्फाची टाकी आहे, जनरेटर आहे आणि महावितरणची जोडणीही आहे, असं धरा. हा झाला मायक्रोग्रीड: आपल्यापुरती वीज तयार करणारा, साठवणारा, गरज पडली तर बाहेरच्या ग्रीडपासून सुटा होऊन चालणारा छोटा संसार. स्वच्छ उन्हाच्या दिवशी 20 किलोवॅटमधून 80 युनिटच्या आसपास वीज मिळते. ढगाळ दिवशी तो आकडा निम्म्यावर, कधी पाव भागावरही येतो. सकाळी अकरा वाजता प्रश्न असा असतो: आत्ताची वीज बर्फात घालू की बॅटरीत? रात्री ग्रीडच्या विजेवर आधीच थोडा बर्फ करून ठेवायला हवा होता का? दुपारनंतर ढग आले तर काय? असे निर्णय दिवसभर घ्यावे लागतात. आपल्याकडे वीजपुरवठ्याचं वेळापत्रक 15 मिनिटांच्या टप्प्यांत आखतात, दिवसाचे असे 96 टप्पे होतात. आपणही तोच टप्पा धरावा.

या सगळ्या निर्णयांत माहीत नसलेल्या गोष्टी मुख्यतः दोनच आहेत: ऊन किती पडेल आणि दूध किती येईल. बॅटरी केवढी, कॉम्प्रेसर केवढा, दर काय, हे सगळं ठाऊक असतं. म्हणून माझं सांगणं असं की न्यूरल नेटवर्कला या दोन गोष्टींचा अंदाज बांधायला बसवा. निर्णय साध्या, वाचता येणाऱ्या हिशेबाने घ्या आणि संरक्षणाचं काम रिले, एमसीबी आणि बॅटरीच्या स्वतःच्या संरक्षण यंत्रणेकडेच राहू द्या. ज्यांनी हे तिन्ही थर एकाच नेटवर्कच्या गळ्यात घातले, त्यांना बिघाड कुठे झाला हेच पुढे कळेनासं झालं, असं मी पाहिलं आहे.

न्यूरल नेटवर्क हा शब्द मोठा वाटतो, पण या कामाला लागणारं नेटवर्क अगदी लहान असतं. आत 30 आकडे जातात: गेल्या काही तासांचं उत्पादन, तापमान, ढगांचा अंदाज, वेळ, वार वगैरे. मध्ये 32 आणि 16 पेशींचे दोन थर. बाहेर पुढच्या 24 तासांचे 24 आकडे. प्रत्येक पेशी आपल्याकडे आलेल्या आकड्यांना वजनं लावते, बेरीज करते आणि पुढे ढकलते. अशी एकूण वजनं 1,928 होतात. शिकवणं म्हणजे जुन्या नोंदी दाखवून, चूक मोजून, ती वजनं थोडी थोडी सरकवत नेणं. चूक मागच्या थरांपर्यंत पोचवण्याची जी पद्धत 1986 साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या लेखामुळे सर्वांपर्यंत गेली, तीच आजही वापरतात. एवढं नेटवर्क साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत शिकतं आणि रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर आरामात चालतं. लांबची आठवण ठेवणारं एलएसटीएम नावाचं 1997 सालचं नेटवर्कही आहे, पण सुरुवात त्याने करू नका. वर्षभराच्या नोंदींवर साधं नेटवर्क बहुतेकदा पुरेसं काम देतं आणि त्याची चूक शोधणंही सोपं जातं.

खरा वेळ जातो नोंदींमध्ये, म्हणून इथे थोडं थांबू.

पहिलं वर्ष नेटवर्क विसरा आणि मीटर लावा. पॅनेलांच्या बाजूला एक, कॉम्प्रेसरला एक, बॅटरीला एक, ग्रीडच्या जोडणीला एक आणि जनरेटरला एक. आरएस-485 वर मॉडबस बोलणारे मीटर घ्या म्हणजे एका डेटा लॉगरवर सगळे जोडता येतात. मीटरची सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) उलट बसली की वीज येतेय की जातेय हेच उलटं दिसतं. तेव्हा वायरमन समोर असतानाच एकेक भार चालू-बंद करून आकडे ताडून पाहा. दुधाची नोंद तर केंद्रावर होतेच, ती वेळेसकट उतरवून घ्या.

पहिला सापळा घड्याळाचा. उपग्रहावरून मिळणारे उन्हाचे आकडे, उदाहरणार्थ नासाच्या पॉवर प्रकल्पाचे, फुकट मिळतात आणि उपयोगीही आहेत. पण जागतिक वेळेत घेतले तर ते आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असतात. दुपारी साडेबाराचं ऊन तिथे सकाळी सातच्या रकान्यात बसलेलं दिसतं. मी स्वतः एका केंद्रावर या घोटाळ्यात तीन आठवडे घालवले. नेटवर्क शिकत होतं, चूकही कमी होत होती, फक्त अंदाज कामाचा नव्हता. शेवटी एका स्वच्छ दिवसाचे दोन्ही आलेख कागदावर काढून एकमेकांवर धरले तेव्हा उलगडा झाला. आता कुठेही गेलो की पहिल्या दिवशी हेच करतो.

दुसरा सापळा जास्त खोल आहे. बॅटरी भरली, बर्फ झाला आणि वीज बाहेर द्यायची सोय नसली, की इन्व्हर्टर पॅनेलांकडून कमी वीज घेतो. नोंदीत दुपारी दोनला 4 किलोवॅट दिसतात, प्रत्यक्षात छपरावर 15 किलोवॅटचं ऊन असतं. नेटवर्कला हे कोण सांगणार? ते शिकतं की दोनला ऊन उतरतं. मग ते दुपारसाठी कमी वीज धरतं, आपण सकाळीच बॅटरी भरून घेतो, दुपारी पुन्हा वीज वाया जाते आणि चुकीचा धडा आणखी पक्का होतो. उपाय असा की उन्हाचं माप वेगळं घ्या: एखादा पायरॅनोमीटर, नाहीतर स्वतंत्र भारावर जोडलेलं एक लहान पॅनेल. आणि ज्या वेळी इन्व्हर्टरने वीज रोखून धरली होती त्या वेळच्या नोंदींवर खूण करा, त्या शिकवणीतून वगळा. वीज गेलेल्या वेळेचंही असंच. मीटरवर शून्य दिसतं म्हणून गरज शून्य होती असं होत नाही. दूध तर आलेलंच असतं.

तिसरी गोष्ट सणांची. इंग्रजी महिना आणि तारीख नेटवर्कला दिली की काम भागेल असं वाटतं, पण आपले सण तिथीने येतात. कोजागरीला गावातलं बरंच दूध घरीच आटवलं जातं आणि ती पौर्णिमा एखाद्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येते, तर एखाद्या वर्षी अखेरीस. गणपती, पोळा, दिवाळी सगळ्यांची हीच गोष्ट. म्हणून पंचांग समोर ठेवून नोंदवहीत तिथीचा एक रकाना आणि सणाचा एक रकाना भरा. केंद्राच्या चालकाला विचारून भरा. कोणत्या दिवशी दूध कमी येतं हे त्याला वर्षानुवर्षांच्या सवयीने माहीत असतं, आणि त्याचं हे ज्ञान नेटवर्कमध्ये उतरवण्याचा दुसरा सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

वेळ देतानाही थोडी युक्ती लागते. रात्रीचे 23 आणि 0 हे आकडे नेटवर्कला फार लांबचे वाटतात, खरं तर ते शेजारी आहेत. म्हणून तास सरळ न देता 24 तासांच्या तबकडीवर काटा कुठे आहे ते सांगणारे दोन आकडे, साइन आणि कोसाइन, द्यावेत. बाकी सगळ्या आकड्यांना 0 ते 1 च्या मापात आणायला विसरू नका.

वर्षाच्या नोंदी जमल्या की लगेच नेटवर्ककडे धावू नका. आधी सर्वांत साधा अंदाज मांडा: उद्याचं ऊन आजच्यासारखं, आणि उद्याचं दूध गेल्या आठवड्याच्या त्याच वारासारखं. या अंदाजाची चूक मोजा आणि लिहून ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे हा अंदाज इतका चांगला लागतो की नेटवर्कला त्याच्यापुढे जाणं जड जातं. नेटवर्कची कमाई होते ती वळवाच्या दिवसांत आणि पावसाळ्यात. एप्रिल-मेमध्ये सकाळी लख्ख ऊन, दुपारी तीननंतर आभाळ भरून येतं, वादळ होतं आणि वीजही जाते. हवेतली आर्द्रता, सकाळचं तापमान आणि हवामानाचा ढगांचा अंदाज ही माहिती मिळाली तर नेटवर्क अशी दुपार आधी ओळखायला शिकतं. साध्या अंदाजाला ते या दिवसांत हरवू शकत नसेल, तर ते बसवू नका.

तपासणी करताना नोंदी पत्त्यांसारख्या पिसायच्या नाहीत. पिसल्या तर मंगळवारी सकाळी दहाची नोंद शिकवणीत आणि सव्वादहाची परीक्षेत जाते; उत्तर आधीच फुटलेलं असतं आणि गुण भरघोस पडतात. जुने महिने शिकवणीला, नंतरचे महिने परीक्षेला असंच ठेवा. आणि परीक्षेत जून ते सप्टेंबर आलेच पाहिजेत. फक्त उन्हाळ्यावर शिकलेलं नेटवर्क मृगाच्या पहिल्या आठवड्यात कसं गडबडतं, हे एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नेटवर्ककडून एकच आकडा मागू नका. उद्या 60 युनिट येतील एवढ्याने काम भागत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत सारखी नसते. 60 सांगून 75 आले तर थोडी वीज वाया जाईल. 60 सांगून 40 आले तर संध्याकाळी जनरेटर लावावा लागेल किंवा दूध धोक्यात येईल. म्हणून सावध आकडाही मागा: दहापैकी नऊ दिवस प्रत्यक्ष ऊन ज्याच्या वर राहील असा. हे शिकवणं अवघड नाही. चूक मोजतानाच जास्त सांगून चुकल्याला नऊपट दंड आणि कमी सांगून चुकल्याला एकपट दंड लावायचा. नेटवर्क आपोआप खालच्या, सावध आकड्याकडे सरकतं. दुधासाठी उलट दंड लावा. मग संध्याकाळची तयारी सावध आकड्यांवर करा आणि जास्तीचं ऊन आलं तर त्याचा उपयोग कुठे करायचा हे मधल्या आकड्यावर ठरवा.

अंदाज हातात आल्यावर निर्णय हा हिशेबाचा भाग उरतो. तासाचे अंदाज 15 मिनिटांच्या टप्प्यांत वाटले की पुढच्या 96 टप्प्यांत कॉम्प्रेसर कधी, बॅटरी कधी, ग्रीड कधी, याची सर्वांत स्वस्त मांडणी रेषीय प्रोग्रॅमिंगसारख्या जुन्या पद्धतीने काही सेकंदांत निघते, आणि दर 15 मिनिटांनी ताज्या अंदाजावर ती पुन्हा काढायची. दरांची माहिती आपल्या बिलावरून घ्या. केंद्र सरकारने 2023 साली वीजग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के कमी असायला हवा, आणि औद्योगिक व व्यापारी ग्राहकांसाठी जास्त मागणीच्या तासांत तो किमान 1.2 पट. म्हणजे संध्याकाळी आपली साठवण वापरण्यात दुहेरी फायदा आहे. मात्र आपली जोडणी कोणत्या वर्गात मोडते ते आधी पाहून घ्या.

या मांडणीला काही कुंपणं हवीतच, आणि ती वेळापत्रक अमलात आणणाऱ्या कंट्रोलरमध्ये नियम म्हणून लिहायची. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर काही मिनिटं पुन्हा सुरू करायचा नाही. बॅटरी 20 टक्क्यांखाली जाऊ द्यायची नाही. जनरेटर लावलाच तर त्याच्या क्षमतेच्या तिसेक टक्क्यांच्या वरच चालवायचा. फार हलक्या भारावर तो चालत राहिला तर डिझेल नीट जळत नाही आणि इंजिनात काजळी धरते. दुधाचं तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं तर बाकी सगळा हिशेब बाजूला ठेवून कॉम्प्रेसर सुरू, वीज मग कुठूनही येवो.

बॅटरीत किती चार्ज आहे याच्या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास नको. लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो, त्यामुळे व्होल्टेज पाहून चार्ज कळत नाही. आत-बाहेर गेलेल्या विजेची बेरीज ठेवावी लागते आणि ती हळूहळू घसरते. अधूनमधून बॅटरी पूर्ण भरू दिली की बेरीज पुन्हा जागेवर येते. असा दिवस वेळापत्रकात मुद्दाम ठेवा.

आणि आता ज्याला हात लावायचाच नाही ते. बाहेरची वीज गेली की आपल्या इन्व्हर्टरने बाहेरच्या तारेत वीज सोडणं तात्काळ थांबवलं पाहिजे. आयईईई 1547 या मानकात त्यासाठी 2 सेकंदांची मर्यादा आहे. त्या तारेवर कुणी वायरमन चढलेला असू शकतो. केंद्र सुटं होऊन चालवायचं असेल तर आधी जोडणीचा ब्रेकर प्रत्यक्ष उघडला पाहिजे, मगच आतली वीज सुरू. हे काम इन्व्हर्टरच्या आणि रिलेच्या मूळ संरक्षणाचं आहे. कोणतंही सॉफ्टवेअर त्याच्या आड येता कामा नये. वारंवारता 50 हर्ट्झला धरून ठेवण्याचं कामही इन्व्हर्टर मिलिसेकंदांत करतो. आपलं नेटवर्क 15 मिनिटांच्या चालीने चालणारं, त्याने त्यात डोकावू नये. कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो, हाही शिकवणीने सुटणारा प्रश्न नाही. सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग हळूहळू वाढवणारा ड्राइव्ह) लावा.

सगळं तयार झालं तरी पहिले दोन-तीन महिने नेटवर्कच्या हातात काहीच देऊ नका. ते फक्त सल्ला देईल: उद्या दहा ते दोन बर्फ करा, आज रात्री ग्रीडवरून अर्धी टाकी गोठवा. चालक नेहमीप्रमाणे काम करील आणि सल्ला पटला नाही तर का, ते वहीत लिहील. मोठ्या ठिकाणीही हाच क्रम दिसतो. गुगलच्या डेटा सेंटरमध्ये त्यांच्याच डीपमाइंड या एआय कंपनीची नेटवर्कं कूलिंगची वीज वाचवण्यासाठी वापरली गेली. 2016 साली 40 टक्क्यांपर्यंत बचत जाहीर झाली तेव्हा ती माणसांना शिफारस करत होती. थेट नियंत्रण जाहीर झालं ते 2018 साली, आणि तेव्हाही प्रत्येक आज्ञा तिथली स्थानिक यंत्रणा तपासून घेई आणि चालकाला हवं तेव्हा हे थेट नियंत्रण बंद करता येई. त्यांच्याकडे हजारो सेन्सर आणि निष्णात इंजिनीअरांची फौज होती. आपण तर त्यांच्यापेक्षा सावध असायला हवं.

हा सगळा खटाटोप कुणी करू नये, तेही सांगतो. जिथे निवडीला वाव नाही, तिथे अंदाजाचा उपयोग नाही. बर्फाची टाकी नाही, बॅटरी अर्ध्या तासाची, बाहेरचा पुरवठा बरा, अशा ठिकाणी हेच पैसे टाकीत घाला. पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत 2012 साली ग्राम ऊर्जा या संस्थेने 9.4 किलोवॅटचा सौर मायक्रोग्रीड उभारला. घरोघरी मीटर आणि कारभाराला गावाची समिती, यावर तो चालला. त्याला न्यूरल नेटवर्कची गरज नव्हती. आपलं केंद्र त्या आकाराचं असेल तर आधी तसा कारभार बसवा.

दुधाचे आकडे गावागावात बदलतात, गोठे वाढतात, पॅनेलांवर धूळ साचते आणि पहिल्या पावसात धुऊन निघते. म्हणून नेटवर्क वर्षातून दोनदा तरी पुन्हा शिकवा. मी मेअखेर आणि दिवाळीनंतर अशा दोन वेळा धरतो. दर सोमवारी गेल्या आठवड्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा एकाच कागदावर काढून कंट्रोल पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. चूक सलग तीन आठवडे साध्या अंदाजापेक्षा मोठी राहिली तर नेटवर्क बाजूला करा आणि आधी मीटर तपासा, निम्म्याहून अधिक वेळा दोष तिथेच निघतो.

आणि कंट्रोल पॅनेल बनवून घेताना कॉम्प्रेसरच्या कॉन्टॅक्टरला हॅन्ड, ऑफ आणि ऑटो असा तीन खुणांचा सिलेक्टर स्विच बसवायला सांगा. तो कंट्रोलरच्या मार्गाने न नेता सरळ कॉन्टॅक्टरच्या वायरिंगमध्येच घ्या. लॉगर लटकला, इंटरनेट गेलं, अंदाज चुकला, काहीही झालं तरी संध्याकाळी सहाला कॅन उतरायला लागल्यावर चालकाला तो हॅन्डवर फिरवून कूलर सुरू करता आला पाहिजे. महिन्यातून एका संध्याकाळी तो मुद्दाम हॅन्डवर फिरवून कूलर चालवून बघा.